दोघांत मिळून एक पावा

आमच्या रॉक बँडमध्ये पाच जण: गिटार, बेस, ड्रम आणि पाव्यावर दोघं. त्या दोघांतली एक मी. हा पावा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातल्या लोकांचा. लहानमोठ्या नळ्यांच्या दोन ओळी बांधायच्या, एकेक ओळ एकेकाच्या हातात, आणि सूर दोघांत वाटून घ्यायचे. सा माझ्याकडे, रे जोडीदाराकडे, ग परत माझ्याकडे. एकट्याकडून पुरी चाल निघत नाही.

नळ्या आम्ही वायरिंगच्या पाइपातून कापल्या. सूर चढवायला आत दाणे टाकतात, म्हणून मी मटकी टाकली. थुंकीच्या ओलीनं तिसऱ्या दिवशी मोड आले आणि पावा बेसूर झाला. एमआयडीसीत बियाण्यांची उगवण तपासणं हीच माझी नोकरी. बँडनं वर्षभर ऐकवलं. आता मणी टाकते.

कॉलेजची संमेलनं, जयंतीच्या मिरवणुका, हळदी, सगळीकडे वाजवलं. परतूरकडच्या एका हळदीत नवरदेवाचे काका स्टेजपाशी आले.

"बाई वर न्हाई चालायच्या. आमचे पाव्हणे जुन्या वळणाचे." मग माझ्या जोडीदाराला म्हणाले, "तुम्हीच वाजवा की दोन्ही. तोंड तं एकच लागतं."

जोडीदार रोलिंग मिलमध्ये भट्टीवर असतो. तो म्हणाला, "तोंड एक, पण दम दोघांचा लागतो, काका."

"मंग राहू द्या ती पुंगी. साधं वाजवा."

आमचा गिटारवाला शाळेत शिक्षक. तो हळूच म्हणाला, "ताई, आजच्या दिवस खाली बसता का?"

काकांपेक्षा तेच जास्त लागलं. आज खाली बसले, तर पुढच्या वेळी गाडीतही जागा राहणार नव्हती.

"खाली जाते," मी म्हणाले. "पण वाजवणार."

गाणं सुरू झालं. जोडीदारानं स्टेजवरून फक्त स्वतःचे सूर वाजवले आणि माझ्या जागा मोकळ्या सोडल्या. त्या मी खालून, हळद लावणाऱ्या बायकांच्या घोळक्यातून भरल्या. लोक माना वळवून आवाज शोधायला लागले. एका आजीनं पिवळ्या हातांनी पोरं बाजूला सारली. "सरका रे, बाईला दम घेऊ द्या."

काका आले. "बंद करा, जल्दी."

पावा ओठाला होता. ते गाणं संपवलं आणि कोणी न बोलावता स्टेजवर गेले. उरलेली तीन गाणी जोडीदाराच्या शेजारी उभी राहून वाजवली. काका खालून काहीबाही बोलत राहिले. ड्रमवाल्यानं जरा जोरातच बडवलं.

त्या गावानं आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. तेव्हापासून कार्यक्रम ठरवायचे फोन मीच करते आणि आधीच सांगते, पाव्यावर दोघं असतात, त्यातली एक बाई, आणि ती स्टेजवरच उभी राहते. काही जण फोन ठेवतात. ठेवू देत. मी पुढचा नंबर लावते.