गर्दीची पट्टी

आमच्या गावच्या वेशीतली गर्दी मी एका सकाळीत दुप्पट केली. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या मानानं हे काम लहान न्हाय!

मी दुबईत एका शेठजींचा ड्रायव्हर. (नोकरी म्हणजे त्यांची मेहरबानी; म्हणून रजेवरही पासपोर्ट दिवसातून दहादा चाचपतो.) आमचं गाव सोनारीच्या भैरोबाच्या वाटेवर. दर रविवारी दर्शनाला निघालेल्या जीपा अरुंद वेशीत अडकतात. अशाच एका रविवारी मला परत निघायचं होतं. एसटी चुकली की विमान चुकणार, विमान चुकलं की नोकरी!

आदल्या दिवशी चुलत्यांना म्हणालो, "अण्णा, दुबईत रस्त्यावर कमानी हायत. गर्दीच्या टायमाला खालनं गेलं की जास्त पैसे कटतात. मग लोक दुसऱ्या वाटेनं जातात."

"म्हंजी गर्दीची पट्टी!" अण्णा खूश. "उद्याच लावू. वेशीतनं वीस रुपये, भायेरच्या कच्च्या रस्त्यानं फुकट."

सकाळी वेशीत दोर बांधून अण्णा खुर्ची टाकून बसले. पहिली जीप थांबली, अण्णांनी पट्टी मागितली.

"कशाची पट्टी, अण्णा?"

"पट्टी म्हंजी पट्टी! टाका वीस."

संपलं! आमच्याकडं पट्टी एकच, जत्रेची. ती चुकवणाऱ्याला भैरोबा सोडत न्हाय. जीपवाल्यानं वीस टाकले, दोराला हात लावून कपाळाला लावला आणि मागं ओरडला, "देवाची पट्टी हाय रं!" कच्च्या रस्त्याला लागलेल्या जीपासुद्धा माघारी वळल्या.

एक मावशी अण्णांच्या पाया पडल्या. "सुनंच्या नावाची येगळी घ्या. अंगारा कुठं मिळंल?"

"मावशी, ही गर्दी कमी करायची पट्टी हाय!" मी कळवळलो.

"व्हय बाबा, गर्दी लई झालीय. घे लवकर!"

(ट्रॅक्टरवाल्यानं तर नारळच फोडला!)

एसटीला अर्धा तास उरला. मला फाट्यावर सोडणारी जीप दोराच्या अलीकडं, पुढं वीस गाड्या. मी पासपोर्ट छातीशी धरून रडायच्या बेतात. मावशींनीच विचारलं, "काय झालं रं?" सांगितलं, तशा त्या गरजल्या, "आरं, पोरगं लांब चाललंय, वाट द्या!" माझी बॅग हातोहात या टपावरून त्या टपावर निघाली, मागं मी पळत. ते हात मी जन्मभर विसरायचो न्हाय.

दोरापाशी अण्णांनी अडवलं. "वीस."

"अण्णा, मी तुमचा पुतण्या!"

"आन् अक्कल कुणाची व्हती?"

दिले. दोरापलीकडच्या जीपनं फाट्यावर सोडलं. एसटी मिळाली, नोकरी राहिली.

पण आता दुबईतली कमान आली की माझा हात आपोआप कपाळाला जातो. परवा शेठजींनी मागून विचारलं, "इथं कुठलं देऊळ आहे?" मी घाबरून बोलून गेलो, "भैरोबाचं."

तेव्हापासून दर्शन चुकू नये म्हणून शेठजी मोकळा रस्ता सोडून ऐन गर्दीत कमानीखालूनच गाडी न्यायला लावतात. गर्दी वाढवण्यात माझा हात कुणी धरणार न्हाय!