जीपला काहीच झालं नव्हतं

मित्रांनो, आज दुपारी भोकरदनच्या दवाखान्यात होते. माझा चुलतभाऊ गणेश औरंगाबादला एका बिल्डरकडे ड्रायव्हर आहे. मालकाची नवी स्पोर्ट्स कार पूजेसाठी पिंपळगावला रेणुकाईच्या देवळात नेत होता. हसनाबादजवळ ती उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली.

पुढचा भाग पूर्ण चुरडला. बसायची जागा मात्र जशीच्या तशी राहिली. गणेशने बेल्ट लावला होता, एअरबॅगही उघडली. त्याचं मनगट मोडलंय, एवढंच.

मी गाड्यांच्या बॉडीचं डिझाइन करते. अशा गाडीचं नाक मुद्दाम चेपणारं ठेवतात आणि केबिन कडक. धडकेचा बराचसा जोर नाक चेपण्यातच संपतो, माणसापर्यंत कमी पोचतो. गणेशच्या वडिलांना, म्हणजे काकांना, हे सांगितलं, पण पटेना.

"एवढी महागाची गाडी अन् पार पापड झाला. गण्या, सोड ती नोकरी. आपली जीप चालव, मजबूत हाय."

त्याच जीपमध्ये माझे बाबा गेले. लिंबाच्या झाडावर आदळून, मी दहावीत असताना.

"तवा तिचा बंपरबी वाकला न्हवता," काका म्हणाले.

"म्हणूनच, काका. सगळा धक्का बाबांच्या छातीत गेला."

काकांनी खिशातून जीपची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

आता ती कीबोर्डशेजारी पडली आहे. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

तुमच्या घरी मजबूत म्हणून जपलेली अशी गाडी आहे का? आज ती कोण चालवतंय?