गिरीशचा सोमवार

सुमित्राक्कांनी पहिल्या भेटीत मला ना नाव विचारलं, ना गाव. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं हवा म्हणून मी दारात उभी, आणि ही बाई म्हणते, "जन्मतारीख सांग." मी नऊ ऑगस्ट, सालासकट सांगितली. त्यांची दोन बोटं हलली. "मंगळवारची तू. हट्टी असणार. ये आत." मी पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेली. म्हटलं, झालं, ज्योतिषी घरमालकीण पदरात पडली!

ज्योतिषबितिष काही नव्हतं. अक्कांची सगळी नोकरी यशवंतपूरच्या एका छापखान्यात कॅलेंडरांची प्रुफं तपासण्यात गेली होती. पुढं त्यांनी ती विद्या मलाही शिकवली. "प्रत्येक वर्षाला आपला एक वार असतो, तो पाठ करायचा. चार एप्रिल, सहा जून, आठ ऑगस्ट, दहा ऑक्टोबर, बारा डिसेंबर, सगळे त्याच वारी येतात. फेब्रुवारीचा शेवटचा दिवससुद्धा. तिथून सात-सात मागंपुढं सरक, की पोचलीस." मी लीप वर्षात हमखास आपटायची. मग अक्का कपाळावर हात मारायच्या. "अय्यो, त्या वर्षी शेवट एकोणतीसला ग! स्वल्प डोकं वापर." चूक कोणाचीही असो, त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

घरात त्या आणि त्यांचा मुलगा गिरीश, दोघंच. नवरा लवकर गेलेला. गिरीश तीन आठवड्यांचा असताना त्यांनी त्याला अनाथाश्रमातून आणलं होतं. सोबतच्या कागदावर सात फेब्रुवारी ही तारीख आणि साल, बाकी काही नाही. छापखान्यात त्या तेव्हा नुकत्याच लागल्या होत्या. "पोर मांडीवर, रिक्षा चाललीय, आणि मी बोटं मोजतेय. घरी पोचायच्या आत वार काढला. सोमवार!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, जणू स्वतःच्या बाळंतपणाचीच गोष्ट सांगतायत.

वार कशाला हवा होता? तर त्यांच्यात मुलाच्या जन्मवारी आईनं डोक्यावरून न्हायचं नाही, मुलाला बाधतं म्हणे. अक्का रविवारी सकाळी शिकेकाई लावून निवांत न्हायच्या आणि सोमवारी केसांना पाण्याचा थेंब लागू द्यायच्या नाहीत. मी चिडवायची, तर उलट मलाच ऐकवायच्या. "मी त्याला जन्म दिला नाही. एवढं तरी करू दे की." माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण त्यांचा होता, आणि मनापासून होता.

गिरीश होसकोट्याच्या कारखान्यात होता. एका रविवारी जादा पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला, आणि वाटेत लॉरीनं त्याला उडवलं. जागच्या जागी गेला. फोन आला तेव्हा अक्का अंगणात ओले केस वाळवत बसल्या होत्या. फोन मी घेतला. त्यांना कसं सांगितलं, ते माझं मलाही आठवत नाही.

चार दिवसांनी मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज भरायला मी बसले. आश्रमाच्या कागदावरची जन्मतारीख उतरवली, आणि सवयीनं बोटं चालायला लागली. ते वर्ष लीप होतं. वर्षाचा वार सोमवार, म्हणजे एकोणतीस फेब्रुवारी सोमवार. बावीस, पंधरा, आठ, हे सगळे सोमवार. मग सात? रविवार. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा रविवारच. मांडीवर पहिल्यांदा पोर आलेलं, त्या गडबडीत कोणाला एकोणतीस आठवणार? अक्का अठ्ठावीसपासून मागं गेल्या होत्या. नंतर पुन्हा मोजायचं त्यांना कारणच नव्हतं, आपल्या लेकराचा वार कोण ताडून बघतं? म्हणजे सदतीस वर्षं ही माय नेमकी त्याच्याच वारी न्हात आली होती, अगदी त्या शेवटच्या रविवारीसुद्धा. तो कागद मी घडी करून पर्समध्ये कोंबला. आता अक्काही नाहीत, म्हणून आज हे लिहिते आहे.

गिरीशचा तेरावा झाला. आलेली माणसं पांगली. मी कॉफी घेऊन खाली गेले, तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"त्याचा सोमवार मी एकदाही मोडला नाही ग. तापात नाही, दिवाळीच्या आंघोळीलासुद्धा नाही. मग माझं कुठं चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही, अक्का."

"मग तूच मोज एकदा. माझी बोटं चालत नाहीत."

त्यांचा हात मी हातात घेतला. "वर्षाचा वार सोमवार," मी सुरुवात केली. "फेब्रुवारीचा शेवट..." आणि तिथंच अडले. त्या माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

"अठ्ठावीस," मी म्हटलं. "अठ्ठावीस, एकवीस, चौदा, सात. सोमवार, अक्का. सोमवारच."

आता 'एकोणतीस ग!' असं ओरडतील, म्हणून मी मान खाली घातली. मग माझा हात त्यांनी घट्ट धरला.

"सरी," त्या म्हणाल्या. "बरोबर मोजलंस."