थायरॉईड आणि माहेरची खोट

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात दवाखाना चालवायचा म्हणजे औषधांची रिकामी खोकी रोज बाहेर टाकता येतात, किस्से मात्र साचतच जातात. त्यातले निम्मे पेशंटचे नसतातच. पेशंटसोबत आलेल्या शहाण्यांचे असतात!

परवा किन्हीराजा गावची एक सासू आली. मागे सून सुषमा, तिच्या मागे पिशवी धरून नवरा. सुषमाचा चेहरा सुजलेला, केस विरळ झालेले. बोलत होती फक्त सासू.

"हे दिवसभर झोपून राह्यते, डाक्तरसाहेब. खोट माहेरूनच आणली हिनं. तुमी फक्त हो म्हना, आमी हिले माहेरी नेऊन सोडतो. कायमची!"

नवरा पिशवीकडे बघत होता. मला त्या दोघांचा असा संताप आला! पण रक्त तपासायला दिलं आणि दोन दिवसांनी या म्हटलं.

*

त्याच दिवशी शिरपूरचे एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्याच शरीरातल्या अँटीबॉडीज त्यांच्या थायरॉईडवर हल्ला करतात. गुरुजींनी मोबाईलवर वाचून प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा सुरू केलेला, दिवसातून तीनदा.

म्हटलं, "गुरुजी, तुमचे शिपाई कमी नाहीत. ते तुमच्याच घरात घुसलेत. त्यांना खुराक कशाला?"

गुरुजींनी गंभीरपणे मान हलवली. "बरोबर. मग दोनदाच घेतो!"

*

मेडशीच्या एका पेशंटला थायरॉईडची गोळी लागूच पडत नव्हती. उपाशीपोटी घेता ना, असं विचारलं तर गडी चिडलाच.

"उपाशीपोटीच घेतो न साहेब! त्याच्या आधी निस्ता चहा, टोस अन् रातची भाकर!"

*

बरं, आम्ही डॉक्टर तरी कुठे वेगळे? अकोल्याच्या कॉन्फरन्सला एका मोठ्या तज्ज्ञांनी अँटीबॉडीतल्या म्युटेशनवर, म्हणजे तिच्यात होणाऱ्या बारीक बदलांवर, तासभर स्लाईड दाखवल्या. शेवटी मी विचारलं, "सर, यानं पेशंटच्या उपचारात काय बदलतं?"

"सध्या काही नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवणाकडे धाव घेतली. त्या म्युटेशनचा उपयोग दवाखान्यात होईल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

*

दोन दिवसांनी किन्हीराजाची मंडळी परत आली. रिपोर्टमध्ये थायरॉईड मंदावलेलं, अँटीबॉडीज भरपूर. रोज एक गोळी घेतली की सुषमा ठणठणीत राहील, असं मी सांगितलं.

सासूला ते नकोच होतं. "ते जाऊ द्या. खोट माहेरचीच न?"

मग मीही पेटलो. म्हटलं, "मावशी, वावरात पेरायला सोयाबीनचं घरचं बियाणं तुम्ही निवडून ठेवता ना? शरीरही तसंच करतं. अँटीबॉडी बनवताना पेशी तिच्यात बारीक बारीक बदल करतात आणि जी शत्रूला घट्ट चिकटते ती निवडून वाढवतात. हिच्या शरीरानं चुकून स्वतःच्याच थायरॉईडला चिकटणारी निवडली."

"मंग बियानं माहेरचंच!"

"आजाराचा कल घराण्यातून येऊ शकतो. पण हे बदल आईबापाकडून येत नाहीत. ते जन्मानंतर, हिच्याच पेशींत होतात."

"मंग कवा झाले?"

"ते मला सांगता येणार नाही."

नवरा पिशवी खाली ठेवून एकदम बोलला. "माय, सोयरिकीच्या वक्ती तूच तं हिचं रगत तपासाले लावलं होतं. थायरॉईड बी तपासलं. तवा तं चांगलं होतं."

सासूनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पिशवी पुन्हा छातीशी धरली.

तेव्हा सुषमा पहिल्यांदाच बोलली. आवाज न चढवता, पदर नीट करत, सासूकडे बघत.

"आत्याबाई, बियानं तं तुमी पारखूनच आनलं होतं. मंग वावर कोनाचं?"