स्वस्तातलं लायसन्स आणि धुळ्याच्या बाई

जळगावच्या कोर्टामागे आमचं टायपिंगचं दुकान आहे. मी टाईप करते; गिऱ्हाइकं आणि कोर्टातली धावपळ हे बघतात. नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स ह्यांनी इंटरनेटवरून मागवलं, दुकानातल्यापेक्षा फारच स्वस्तात. विकणाऱ्यानं बिल दिलं नाही. मेलवर नुसतं एक यूजरनेम आणि पासवर्ड आला, त्यात आमचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं तर हे म्हणाले, चालतंय ना, मग झालं. चालत होतं खरं, पण मला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं.

एका दुपारी एक खरेदीखत शोधताना अनोळखी फाइली दिसल्या. उघडल्या तर मुलींचे बायोडाटा, फोटोसकट. कुणी शिरपूरची, कुणी साक्रीची. हे जेवून खुर्चीतच पेंगत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आमचा मुलगा पुण्यात असतो. एवढ्यात लग्न नको असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं आणि मी त्याच्याच बाजूनं होते. सासरची मंडळी मला न सांगता मुली बघताहेत, अशी माझी खात्रीच झाली. उठवून विचारलं, तर ह्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. उलट मलाच म्हणाले, "तूच बाहेरचं काम घेतलं असशील." संध्याकाळपर्यंत आम्ही कामापुरतं बोललो.

बायोडाटाच्या तळाशी धुळ्याच्या एका वधूवर मंडळाचा नंबर होता. शेवटी तो लावला. एका बाईंनी उचलला. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या कॉम्प्युटरात शेतांची खरेदीखतं टाकणाऱ्या तुम्हीच का?"

मी म्हटलं, आमच्यात तुम्ही शिरलात. त्यांचंही माझ्याबद्दल तेच म्हणणं. बोलता बोलता उलगडा झाला. लायसन्स त्यांनीही तिथूनच घेतलं होतं आणि यूजरनेम तेच. एकच खातं त्या माणसानं दोघींना विकलं होतं, आणि त्यात ठेवलेल्या फाइली इंटरनेटवरून दोन्हीकडे दिसत होत्या. आणखी कुणाकुणाला, देव जाणे.

"तुमचा मुलगा पुण्याला असतो ना?" त्या मध्येच म्हणाल्या. "त्याच्या पासपोर्टचे कागद आहेत इथे. आमले बठ्ठं दिसस, ताई."

म्हणजे आमचं सगळंच त्यांना दिसत होतं.

आपापल्या फाइली काढून टाकायचं ठरलं. आधी तुम्ही, असं त्या म्हणाल्या. आधी तुम्ही, असं मी. अखेर फोन कानाला लावून दोघींनी एकदमच काढल्या. विकणाऱ्याचा फोन मात्र पुन्हा लागलाच नाही.

ह्यांनी मग गावातल्या दुकानातून बिलासकट लायसन्स आणलं. ज्यांचे कागद त्या खात्यात होते त्यांना सांगायलाच हवं, असा मी आग्रह धरला. हे नको म्हणत होते. फैजपूरच्या एका नानांनी आमच्याकडे केळीच्या शेताचे कागद करून घेतले होते. ते नवं काम घेऊन दुकानात आले, तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईनं उतरवून ठेवलं नसेल कशावरून?"

नानांनी कागदांची पिशवी उचलली आणि ते समोरच्या टायपिंगच्या दुकानात गेले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.