लव्हेंडरचा वास कसा असतो

मसाल्याच्या धंद्यात माझं खरं भांडवल म्हणजे माझं नाक. इतवारीच्या ठोक बाजारात धने घ्यायला गेले की मी आधी भाव विचारत नाही. मूठभर धने तळहातावर चोळायचे, हुंगायचे आणि काही न बोलता परत पोत्यात टाकायचे. भाव आपोआप उतरतो. एका शेगडीवर सुरू केलेला माझा मसाला आज शहरातल्या बऱ्याच दुकानांत जातो, तो या नाकाच्या आणि लोकांच्या मते माझ्या तोंडाच्या जोरावर. तोंडाबद्दल मला वाईट वाटत नाही. गोड बोलणाऱ्या बाईच्या पदरात या बाजारात शिळा माल पडतो.

त्या पहिल्या शेगडीपाशी आम्ही दोघी होतो, मी आणि माझी धाकटी बहीण. मसाला भाजून झाला की आधी ती हुंगायची, मग मी. दोघींचं एकमत झाल्याशिवाय घमेलं चक्कीवर जायचं नाही. पुढे तिच्या नवऱ्याची बदली काटोलला झाली आणि तिथे तिने स्वतःचा मसाला काढला. प्रमाण आमचंच, भाजण्याचा क्रम आमचाच, पाकीटसुद्धा लाल. मला हे तिने सांगितलं नाही, एका किराणावाल्याने सांगितलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

गेल्या हिवाळ्यात मला तापासकट जबर सर्दी झाली. ताप गेला, डोकं मात्र जड राहिलं आणि झोप लागेना. झोपेचं गाऱ्हाणं तसं नवरा गेल्यापासूनचं. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या सुनेने मला अरोमाथेरपी समजावून सांगितली. कपाळ दुखलं तर पेपरमिंटचं तेल खोबरेल तेलात मिसळून कानशिलाला, चोंदलेल्या नाकाला गरम पाण्यात निलगिरीचे दोन थेंब, झोपेसाठी उशीवर लव्हेंडर. पोटात काही घ्यायचं नाही, हे तिने दोनदा बजावलं. मी सीताबर्डीला गेले, मेट्रोच्या पुलाजवळच्या एका अत्तराच्या दुकानातून तिन्ही बाटल्या घेतल्या आणि इतकी घासाघीस केली की म्हाताऱ्या मालकाने हात जोडले.

निलगिरीने डोळ्यांतून पाणी काढलं आणि कपाळापर्यंत गारवा नेला. पेपरमिंट कानशिलावर चुणचुणलं. लव्हेंडर मात्र नुसतं पाणी. दोन थेंब टाकले, चार टाकले, शेवटी उशीला तेलकट डाग पडला, पण वासाचा पत्ता नाही. मी ओळखलं. दोन अस्सल द्यायच्या आणि तिसरी त्यांत खपवायची, ही रीत मला शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात बाटली आपटली. गिऱ्हाईक होतं म्हणून आवाज जरा जास्तच चढवला. मालकाने शांतपणे झाकण उघडलं आणि एक थेंब कागदाच्या पट्टीवर घेतला. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीने ती हुंगली आणि म्हणाली, ‘‘काकू, मस्त येऊन राहिला की वास.’’ मला वाटलं, ही त्याचंच माणूस असेल. मी रस्त्यावरच्या एका बाईला हाक मारून आत बोलावलं. तिनेही मान डोलावली.

मग मालकाने दुसऱ्या बाटलीतला थेंब माझ्या मनगटावर लावला आणि विचारलं, ‘‘ये कौनसा है, बताव.’’

मी मनगट नाकाशी नेलं. सगळे बघत होते. मी बराच वेळ मनगट खाली घेतलं नाही, कारण खाली घेतलं की उत्तर द्यावं लागणार होतं.

‘‘मावशी, केवडा आहे,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘सर्दी झालती का?’’

मी बाटली उचलली आणि निघाले. माफी मागितली नाही. ऑटोत बसल्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. त्या महिन्यात दूध दोनदा करपलं होतं आणि मी शेगडीला दोष दिला होता. वांगी बेचव लागत होती, तर भाजीवाल्याला झापलं होतं. निलगिरी झोंबते, पेपरमिंट चुणचुणतं, म्हणून मी समजत होते की नाक चालू आहे. झोंबणं वेगळं, वास वेगळा. घरात दुसरं माणूस असतं तर पहिल्याच करपलेल्या दुधाला ओरडलं असतं, ‘‘अगं, वास नाही का येत?’’ तेवढंच विचारणारं कोणी नव्हतं.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं की विषाणूमुळे असं होतं, कधी परत येतं, कधी नाही. सकाळ-संध्याकाळ लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरीची तेलं हुंगायची आणि हुंगताना तो तो वास आठवायचा. किती दिवस, विचारलं, तर म्हणाले, धीर धरा. या उत्तरावर घासाघीस करता येत नाही.

तिकडे नवा माल भाजायला घ्यायची वेळ झाली होती. कामाला येणाऱ्या बायकांना सांगितलं असतं, तर ही बातमी संध्याकाळपर्यंत इतवारीत पोचली असती आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या गळ्यात कुजके धने पडले असते. म्हणून मी नेहमीसारखी घमेल्यावर वाकत होते, डोळे मिटत होते, मान हलवत होते. बायका मान हलताना बघून घमेलं उचलायच्या. दोन घमेली अशी चक्कीवर गेली. तिसऱ्यापाशी मी थांबले. तो माल तसाच बाहेर गेला असता, तर इतक्या वर्षांचं नाव गेलं असतं. दुसरं एकच नाक माझ्या भरवशाचं होतं, आणि ते काटोलला होतं.

स्टीलच्या डब्यात मसाला भरून मी एसटीने गेले. वाटेत तयारी केली होती: ती काय मागेल, मी कुठपर्यंत जाईन. दार तिनेच उघडलं. पाणी दिलं. मी डबा पुढे केला आणि झाकण काढलं.

‘‘हुंग अन् सांग.’’

तिने डब्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. ‘‘झाकण उघडलं अन् तू नाक नाही लावलं,’’ ती म्हणाली. ‘‘तुले वास येऊन नाही राहिला ना वं, ताई?’’

तिने डबा जवळ ओढला, चिमूटभर तळहातावर चोळलं, तसंच, आमच्या पद्धतीने. ‘‘दगडफूल जुनं आहे. हा माल नको पाठवू.’’

मी ज्याला वर्षानुवर्षं रडवलं होतं, त्या व्यापाऱ्याने मला जुनं दगडफूल चिकटवलं होतं. दुसऱ्याच दिवशी जाऊन पोतं त्याच्यासमोर ओतलं आणि असा आवाज काढला की त्याने निमूटपणे बदलून दिलं. त्याला अजून वाटतं, माझं नाक शाबूत आहे.

बहिणीने मात्र काहीच मागितलं नाही. याचा मला राग आला. जी काही मागतच नाही, तिच्याशी सौदा करायचा कसा? आता माल भाजायला घेतला की ती एसटीने येते, हुंगते, एखादं वाक्य बोलते, चहा घेते आणि जाते. बायकांना वाटतं, दोघी बहिणींचं जमलं. लाल पाकिटाचा विषय तिने काढलेला नाही. मीही सोडलेला नाही.

मागच्या खेपेला ती चपला घालत होती तेव्हा मी खिडकीतली लव्हेंडरची बाटली तिच्यापुढे धरली. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी मला आठवतात. पण लव्हेंडर नाक असताना मी कधी हुंगलंच नव्हतं, मग आठवणार काय?

‘‘याचा कसा येते?’’

तिने एक चप्पल काढून ठेवली. डोळे मिटले. ‘‘उन्हात वाळलेल्या चादरीवानी. अन् मागून जरासा कापूर. नाही, कापूर नाही. आपण लहानपणी गंजीवर लोळत होतो ना, त्या गवतावानी, पण गोड.’’ पुन्हा हुंगलं. ‘‘औषधावानी बी येते थोडा. चांगला आहे. उगाच भांडली तू त्या दुकानदाराशी.’’

दुकानाचं मी तिला कधी सांगितलं होतं, ते आठवेना. चहा घेताना केव्हातरी निघून गेलं असेल तोंडातून. बरीच वर्षं ती माझ्याशी एका दमात इतकं बोलली नव्हती. मग तिने घड्याळ पाहिलं, बसची वेळ झाली म्हणाली आणि जिना उतरली.

दिवेलागणीला मी बाटल्या ओळीने उघडते. चार झाल्या की पाचवी. नाकाशी धरते आणि तिच्याच आवाजात आठवते: चादर, कापूर, नाही, गवत. वास अजून आलेला नाही. झाकण लावते आणि बाटली परत खिडकीत ठेवते.