खो-खोच्या मैदानावरची जीप

परभणीच्या जुन्या स्टेडियमचं नूतनीकरण झालं म्हणून परवा मुद्दाम बघायला गेले. पाहुण्यांसाठी काचेची गॅलरी, मऊ खुर्च्या, आणि आमच्या खो-खोच्या मैदानावर पार्किंग. ताज्या डांबराचा उग्र वास नाकात शिरला आणि शाळेतली एक दुपार आठवली.

जिल्ह्याचा अंतिम सामना चालू होता. आम्ही ताडकळसच्या मुली पाठलागावर होतो, आपापल्या चौकोनात बसलेल्या. तेवढ्यात उशिरा आलेल्या प्रमुख पाहुण्यांची जीप फाटकातून थेट मैदानात घुसली. फक्कीच्या पांढऱ्या रेषा टायरला चिकटून फिरत होत्या. साहेबांना म्हणे मंडपापर्यंत चालायचं नव्हतं.

"उठा गं पोरींनो. आधी सत्कार, मग खेळ," साहेब आतूनच म्हणाले. आमचे सर हात जोडून हसत उभे राहिले.

आमची कप्तान शकुंतला जीपच्या अगदी पुढ्यात बसली होती. ती उठली नाही.

"गाडी मागं घ्या साहेब. आमी खेळायलोत," ती म्हणाली.

इंजिनाची धग तिच्या तोंडावर येत होती. ती हलली नाही, म्हणून आम्हीही हललो नाही. शेवटी ड्रायव्हरनं साहेबांना न विचारताच गाडी मागे घेतली आणि साहेब उतरून चालत गेले.

सामना आम्ही हरलो. परतीच्या एसटीत सरांनी शकुंतलाला उद्धट म्हटलं, आणि मलाही तेव्हा वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान झाला. आज त्या मोठ्या माणसाचा चेहराही आठवत नाही. आठवते ती फक्त चार पावलं चालावं लागलं म्हणून लालबुंद झालेली त्याची मान.